मुका हॉर्न : जुन्या मोटारीतील दोषनिदानाचा एक पाठ

मोटारीतील सर्व यंत्रणांमध्ये हॉर्न ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित यंत्रणा होय. ब्रेक सैल झाला तर चालक त्याच दिवशी कार्यशाळा गाठतो, दिवा गेला तर अंधार पडायच्या आत नवा बसवतो. हॉर्न बंद पडला तर मात्र खिडकीतून हात काढून, प्रसंगी दारावर थाप मारून महिनोन्महिने गाडी हाकली जाते. घाटातील आंधळ्या वळणावर ‘हॉर्न वाजवा’ अशी पाटी असते. पलीकडून येणाऱ्या चालकाला आपण दिसत नाही आणि तो आपल्याला दिसत नाही. त्या दोन-तीन क्षणांत दोघांमधील एकमेव दुवा ध्वनीचा असतो. शाळेच्या फाटकातून रस्त्यावर धावत येणाऱ्या मुलाच्या बाबतीतही तेच. म्हणूनच केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील ११९व्या नियमाने प्रत्येक मोटार वाहनाला पुरेसा इशारा देऊ शकेल असा हॉर्न बंधनकारक केला आहे. त्याच नियमाने एकामागून एक निरनिराळे सूर काढणारे आणि कर्कश, दचकवणारे हॉर्न निषिद्ध ठरवले आहेत, हेही येथेच सांगून ठेवणे बरे. कारण मूळ हॉर्न बंद पडला की त्याच्या जागी असला ‘वाजंत्री’ हॉर्न बसवून घेण्याचा मोह पुष्कळांना होतो.

प्रस्तुत लेख मुख्यतः व्यवसाय-शिक्षणाच्या वर्गात मोटार दुरुस्ती शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी लिहिला आहे. तथापि दहावीच्या विज्ञानात विद्युतधारा, विभवांतर आणि रोध या संकल्पना शिकलेल्या कोणाही विद्यार्थ्याला तो समजावा अशी अपेक्षा आहे. ओहमचा नियम पाठ्यपुस्तकात अवघ्या एका ओळीत सामावतो. तो नियम गंजलेल्या तारेत कसा दिसतो, हे पाहण्यासाठी बंद पडलेल्या हॉर्नसारखे उत्तम साधन नाही.

‘जुनी मोटार’ म्हणजे कोणती, हे आरंभीच स्पष्ट करावयास हवे. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची पद्मिनी, उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सची अ‍ॅम्बॅसडर आणि १९८३ साली रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० च्या सुरुवातीच्या गाड्या, हा वर्ग येथे अभिप्रेत आहे. अ‍ॅम्बॅसडर आणि मारुती ८०० या दोहोंचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. पद्मिनीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीने २०२३ मध्ये मुंबईचा निरोप घेतला. तरीही खेड्यापाड्यांत, तालुक्याच्या गावी आणि हौशी लोकांच्या अंगणात अशा गाड्या आजही आहेत. त्यांच्या हॉर्नच्या मार्गात संगणक नाही आणि स्टिअरिंगमध्ये एअरबॅग नाही. प्रत्येक तार डोळ्यांनी पाहता येते, प्रत्येक जोड हाताने हलवता येतो. शिकणाऱ्यासाठी याहून मोठी सोय कोणती?

हॉर्न वाजतो कसा, हे आधी नीट पाहू. आपल्याकडील जुन्या ट्रकना आणि बसगाड्यांना रबरी फुग्याचा भोंगा असे. हाताने फुगा दाबावा, हवा पितळी नळीतून बाहेर पडावी आणि ‘पों’ असा आवाज यावा. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मिलर रीस हचिसन या अमेरिकी संशोधकाने विजेच्या मोटारीने पोलादी पडद्याला कंप देणारा ‘क्लॅक्सन’ हॉर्न आणला. याच हचिसनने बहिऱ्यांसाठी विजेवर चालणारे श्रवणयंत्रही तयार केले होते. एकाच माणसाच्या हातून ही दोन्ही उपकरणे घडावीत, हा योगायोग मनोरंजक खरा. पुढे मोटारीऐवजी विद्युतचुंबकावर चालणारा हॉर्न रूढ झाला आणि आपल्या जुन्या गाड्यांत तोच असतो.

त्याची रचना अशी. एका पोलादी डबीत तांब्याच्या तारेची गुंडाळी असते. तिच्यासमोर पातळ पोलादी पडदा असून त्याच्या मध्यभागी लोखंडाचा एक ठोकळा बसवलेला असतो. गुंडाळीतून विद्युतधारा गेली की ती चुंबक बनते आणि ठोकळ्याला आत ओढते. ठोकळ्याबरोबर पडदाही आत जातो. आत जाता जाता हा ठोकळा एका छोट्या स्पर्शबिंदूला धक्का देऊन तो उघडतो. स्पर्शबिंदूंना कारागीर ‘पॉइंट’ म्हणतात. पॉइंट उघडताच धारा खंडित होते, चुंबकत्व नाहीसे होते आणि पडदा स्वतःच्या लवचिकतेने मागे येतो. तो मागे येताच पॉइंट पुन्हा जुळतात, धारा पुन्हा वाहू लागते. हे चक्र सेकंदाला सुमारे चारशे वेळा घडते आणि त्या कंपनांचा जो ध्वनी होतो तोच हॉर्नचा आवाज. घरातील जुन्या विजेच्या घंटीचे तत्त्व हेच आहे. घंटीतील हातोडी टोले देते, येथे पडदा थरथरतो, एवढाच फरक.

या रचनेतून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. पॉइंट चिकटून बसले तर पडदा एकदाच आत ओढला जाईल, ‘टक्’ असा एकच आवाज येईल आणि मग शांतता. पण धारा मात्र अखंड वाहत राहील. गुंडाळीचा रोध एक ओहमच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असल्याने ही धारा दहा अँपिअरच्या वर जाऊ शकते आणि फ्यूज उडतो. याउलट पॉइंटमध्ये धूळ किंवा गंज बसला आणि ते जुळलेच नाहीत, तर धारा वाहणारच नाही. ‘टक्’सुद्धा येणार नाही. म्हणजे हॉर्न वाजत नसतानाही तो काही ना काही सांगत असतो. ते ऐकण्याची सवय लावून घेतली पाहिजे.

आता परिपथाकडे वळू. जुन्या गाड्यांत तो दोन प्रकारांचा आढळतो. पहिल्या प्रकारात बॅटरीच्या धन टोकाकडून तार फ्यूजमध्ये, फ्यूजमधून हॉर्नमध्ये, हॉर्नमधून स्टिअरिंगवरील बटणापर्यंत आणि बटण दाबल्यावर तेथून गाडीच्या बॉडीला जाते. बॉडी बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेली असल्याने परिपथ पूर्ण होतो. विद्यार्थ्यांचा येथे हमखास गोंधळ होतो. घरातील दिव्याचे बटण विजेच्या येणाऱ्या तारेवर असते. या हॉर्नचे बटण परतीच्या वाटेवर, म्हणजे अर्थिंगच्या बाजूला असते. त्यामुळे बटण न दाबताही हॉर्नच्या दोन्ही टोकांवर टेस्ट लॅम्पला वीज दिसू शकते आणि त्यात दोष काहीही नसतो.

दुसऱ्या प्रकारात मध्ये एक रिले असतो. गाडीला उंच आणि खालच्या सुराचे दोन हॉर्न असतील तर दोहोंना मिळून आठेक अँपिअर धारा लागते. एवढी धारा स्टिअरिंगमधील बारीक स्पर्शपट्टीतून रोज नेली तर ती पट्टी ठिणग्यांनी जळून जाईल. म्हणून बटणाने फक्त रिलेची छोटी गुंडाळी चालवायची आणि रिलेने आपल्या जाड स्पर्शबिंदूंतून हॉर्नला धारा द्यायची, अशी व्यवस्था केलेली असते. रिलेच्या गुंडाळीचा रोध साधारण ऐंशी ओहम धरला, तर १२ व्होल्टला तिच्यातून ०.१५ अँपिअर धारा वाहते. आठ अँपिअरचे काम पाव अँपिअरहून कमी धारेने होते! चार टोकांच्या रिलेवर ३०, ८५, ८६ आणि ८७ असे आकडे छापलेले असतात. हे आकडे जर्मन मानकातून आलेले आहेत. ३० वर बॅटरीची वीज येते, ८७ वरून ती हॉर्नला जाते, आणि ८५ व ८६ ही गुंडाळीची दोन टोके होत. तीन टोकांच्या जुन्या रिलेवर बी, एच आणि एस अशी इंग्रजी अक्षरे असतात: बॅटरी, हॉर्न आणि स्विच.

समोरच्या गाडीत कोणता प्रकार आहे, हे पुस्तकावरून गृहीत धरू नये. वीस-तीस वर्षांत त्या गाडीवरून किती हात फिरले असतील, याची कल्पना करावी. कोणी रिले काढून तार सरळ जोडलेली असते, कोणी डॅशबोर्डखाली वेगळेच बटण बसवलेले असते. वायरिंगचा जो नकाशा आपण वहीत काढतो तो कारखान्यातून निघालेल्या गाडीचा असतो. दारात उभी असलेली गाडी तशी राहिलेली असेलच असे नाही.

प्रत्यक्ष तपासणीपूर्वी हातातील अंगठी आणि धातूच्या पट्ट्याचे घड्याळ काढून ठेवावे. बॅटरीजवळ ठिणगी पडू देऊ नये, कारण तिच्यातून हायड्रोजन वायू बाहेर पडत असतो. कोणतीही तात्पुरती तार जोडताना शेवटचा जोड बॅटरीपासून दूरच्या टोकाला करावा.

पहिली तपासणी कानाची. चावी चालू करावी, कारण काही गाड्यांत चावीशिवाय हॉर्नला वीज मिळत नाही. एकाने बटण दाबावे, दुसऱ्याने बॉनेट उघडून ऐकावे. रिले ‘कट्’ करतो का? हॉर्न ‘टक्’ करतो का? नुसती घरघर येते का? स्टिअरिंग डावीकडे-उजवीकडे फिरवत बटण दाबले तर मध्येच आवाज येतो का? या चार प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून काढल्याशिवाय स्क्रूड्रायव्हर हाती घेऊ नये, असा आमच्या कार्यशाळेचा दंडक आहे. रिलेचा आवाज आला तर बटण, स्टिअरिंगमधील तार आणि रिलेची गुंडाळी निर्दोष आहेत, एवढे एका क्षणात सिद्ध होते. उरला फक्त रिलेचा जाड स्पर्श, हॉर्न आणि त्याची अर्थिंग. रिले गप्प राहिला तर शोध दुसऱ्या दिशेने जातो. अर्धा परिपथ एका चाचणीत बाजूला सारता येतो तो असा.

बॅटरीची शंका असल्यास स्टार्टर जोरात फिरतो का ते पाहावे. जी बॅटरी इंजिन फिरवते तिला हॉर्न जड नाही. फ्यूज मात्र नुसता डोळ्यांनी पाहून ठीक म्हणू नये. जुन्या गाड्यांत काचेच्या नळीचे किंवा चिनी मातीच्या कांडीवर धातूची पट्टी असलेले फ्यूज असतात. त्यांची पट्टी शाबूत दिसते, पण टोकाशी पांढरा-हिरवा गंज चढून स्पर्श तुटलेला असतो. कोकणातील खाऱ्या हवेत राहिलेल्या गाड्यांत तर हे नेहमीचेच. फ्यूज जागेवरच बोटाने फिरवावा, टोके पॉलिश पेपरने घासावीत आणि टेस्ट लॅम्पने त्याच्या दोन्ही बाजूंना वीज आहे का ते पाहावे. फ्यूज खरोखर जळालेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा घालून एकदाच पाहावे. पुन्हा जळाला तर दोष पुढे आहे. त्या जागी तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातील चांदी घालण्याची रीत अनेक ठिकाणी दिसते. तिने हॉर्न वाजेलही, पण पुढच्या वेळी फ्यूजऐवजी तार जळेल, आणि ती तार पेट्रोलच्या नळीशेजारून गेलेली असू शकते.

यानंतर थेट हॉर्नकडे जावे. त्याच्या दोन्ही तारा सोडवून बॅटरीपासून दोन स्वतंत्र तारा त्याला जोडाव्यात. धन बाजूच्या तारेत फ्यूज असावा. स्पर्श क्षणभराचाच करावा. हॉर्न खणखणीत वाजला तर तो निर्दोष आहे आणि नवा हॉर्न विकत आणण्याचे कारण नाही. ही चाचणी दोन मिनिटांची आहे. तरीही ती न करता हॉर्न बदलला जातो, ही आपल्या व्यवसायातील दुखरी बाब आहे. तालुक्याच्या गावी प्रवासी वाहतूक करणाऱ्या एका चालकाने एका वर्षात दोन वेळा नवा हॉर्न बसवून घेतला होता. दोन्ही वेळा तो आठवडाभर वाजला आणि थांबला. आमच्या विद्यार्थ्यांनी पाहिले तेव्हा हॉर्न उत्तम होता; गाडीला नवा रंग दिला तेव्हा हॉर्नची पट्टी जेथे बोल्टने आवळली जाते त्या जागीही रंग बसला होता आणि बॉडीशी होणारा स्पर्श तुटला होता. नवा हॉर्न बसवताना बोल्ट आवळल्याने रंगाचा पापुद्रा थोडा खरवडला जाई, हॉर्न वाजे. पावसाचे पाणी शिरून तेथे गंज धरला की पुन्हा मुका. दिवसभराच्या कमाईतून घर चालवणाऱ्या माणसाचे दोन हॉर्नचे पैसे पॉलिश पेपरच्या एका तुकड्याअभावी गेले. निदान न करता सुटे भाग बदलणाऱ्या कारागिराचे यात काही जात नाही, म्हणूनच ही सवय टिकून राहते.

ज्या हॉर्नला एकच टोक असते त्याची दुसरी वाट बॉडीतून असते, हे लक्षात ठेवावे. अशा हॉर्नच्या बाबतीत धातू चमकेपर्यंत बैठक घासावी, बोल्ट आवळावा आणि वरून थोडे ग्रीस लावावे.

आता या पाठाचा सर्वांत मोलाचा भाग. विद्यार्थी मल्टिमीटर घेतो, हॉर्नची तार सोडवून तिच्या टोकावर लावतो, मीटर १२ व्होल्ट दाखवतो आणि विद्यार्थी जाहीर करतो की वीज येत आहे, म्हणजे हॉर्न खराब. हा निष्कर्ष चुकीचा ठरू शकतो. मीटर खोटे बोलत नाही. आपण त्याला विचारलेला प्रश्न अपुरा असतो. डिजिटल मीटरचा अंतर्गत रोध सुमारे एक कोटी ओहम असतो. त्यामुळे त्याच्यातून जवळजवळ धाराच वाहत नाही, आणि धारा नसेल तर गंजलेल्या जोडात विभवांतराची घटही होत नाही. तारेचा एकच तंतू शिल्लक असला तरी मीटर १२ व्होल्टच दाखवील.

गणित करून पाहू. हॉर्नला १२ व्होल्टवर सरासरी ४ अँपिअर धारा लागते असे धरू. सोयीसाठी त्याचा रोध ३ ओहम मानू. (पॉइंट सतत उघडत-मिटत असल्याने हॉर्न हा शुद्ध रोध नव्हे, परंतु अंदाजासाठी हे चालते.) त्याला मिळणारी शक्ती १२ गुणिले ४, म्हणजे ४८ वॅट. आता वाटेत कोठेतरी १ ओहमचा गंजलेला जोड आहे. एकूण रोध ४ ओहम, धारा ३ अँपिअर, हॉर्नला मिळतात ९ व्होल्ट आणि २७ वॅट. आवाज दबका होतो. उरलेले ९ वॅट त्या जोडात उष्णतेच्या रूपाने खर्च होतात. म्हणून असा जोड हाताला गरम लागतो. जोडाचा रोध ३ ओहम झाला तर धारा २ अँपिअर, हॉर्नला ६ व्होल्ट आणि अवघे १२ वॅट, म्हणजे मूळ शक्तीचा एक-चतुर्थांश. या अवस्थेत बहुतेक हॉर्न घरघरतात किंवा गप्प बसतात. अवघ्या ३ ओहमने गाडी मुकी होते, आणि तारा सोडवून लावलेल्या मीटरवर हे ३ ओहम दिसत नाहीत.

म्हणून मोजणी भार असतानाच करावी. हॉर्न जागेवर जोडलेला ठेवून, बटण दाबलेल्या अवस्थेत मीटरचे एक टोक बॅटरीच्या धन खुंटाला आणि दुसरे हॉर्नच्या येणाऱ्या तारेला लावावे. दोहोंमध्ये अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक दिसला तर त्या वाटेत रोध आहे. तेच परतीच्या बाजूला करावे: हॉर्नची बॉडी किंवा त्याचे दुसरे टोक आणि बॅटरीचा ऋण खुंट. येथे तर आकडा आणखी कमी असावा. मीटर नसेल तर इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब दोन तारांना जोडून टेस्ट लॅम्प करावा. तो जवळजवळ पावणेदोन अँपिअर धारा ओढतो, त्यामुळे अशक्त जोड त्याच्यासमोर उघडा पडतो. बल्ब लख्ख न पेटता तांबूस पेटतो. ग्रामीण भागातील जुने वायरिंगवाले महागडे मीटर न बाळगता या बल्बवर विश्वास ठेवत आले, त्यामागे हे शास्त्र आहे, जरी त्यांनी ते सूत्ररूपाने मांडले नसले तरी.

रिले असलेल्या गाडीत ३० आणि ८७ ही टोके एका जाड तारेने क्षणभर जोडावीत. हॉर्न वाजला तर हॉर्न आणि त्याची तार ठीक. दोष रिलेत किंवा बटणाच्या बाजूला. मग ८५ म्हणजे बटणाकडे जाणारे टोक तारेने बॉडीला टेकवावे. (काही गाड्यांत बटणाची तार ८६ वर असते, टेस्ट लॅम्पने ज्या टोकावर कायम वीज आहे ते सोडून दुसरे घ्यावे.) आता रिले ‘कट्’ करून हॉर्न वाजला, तर रिलेही सुटला आणि उरले फक्त स्टिअरिंग.

स्टिअरिंगमध्ये अडचण अशी की तार स्थिर आहे आणि चक्र फिरते. दोहोंची गाठ घालण्यासाठी चक्राच्या मागे पितळेचे एक कडे आणि त्यावर स्प्रिंगने दाबलेली स्पर्शकांडी असते. वर्षानुवर्षे घासून कडे झिजते, जुने ग्रीस काळे पडून घट्ट होते, स्प्रिंग ढिली पडते. चक्र ठरावीक कोनात असतानाच हॉर्न वाजत असेल तर दोष बहुधा येथेच. वरचे बटण अलगद काढून कडे पेट्रोलमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसावे, स्पर्शकांडी पॉलिश पेपरने उजळावी, स्प्रिंग किंचित ताणावी. हे काम बॅटरीचे ऋण टोक सोडवूनच करावे.

याहून फसवा दोष अर्थिंगचा. बटण दाबल्यावर धारा स्टिअरिंगच्या दांड्यातून बॉडीला जाते, असे आपण गृहीत धरतो. परंतु काही गाड्यांत दांड्याच्या खालच्या जोडात हादरे शोषून घेण्यासाठी रबराची चकती असते आणि रबर विजेचा दुर्वाहक आहे. म्हणून त्या चकतीला वळसा घालणारी विणलेल्या तांब्याची एक छोटी पट्टी बसवलेली असते. स्टिअरिंगचे काम करताना ती काढली जाते आणि परत लावायची राहते. मग बटण ठीक, कडे ठीक, रिले ठीक, आणि हॉर्न मात्र बंद! बॅटरीच्या ऋण टोकापासून एक तार आणून दांड्याच्या उघड्या धातूला टेकवावी आणि बटण दाबावे. हॉर्न वाजला तर त्या पट्टीचा शोध घ्यावा.

येथे एक ताकीद आवश्यक आहे. ज्या गाडीच्या स्टिअरिंगवर एअरबॅगची खूण आहे तिच्या चक्राला विद्यार्थ्याने हात लावू नये. त्या गाड्यांत कड्याऐवजी गुंडाळलेली पट्टीदार तार असते आणि तिच्याशेजारी स्फोटक पदार्थाने फुगणारी पिशवी असते. ते काम प्रशिक्षित तंत्रज्ञाचे.

राहिला स्वतः हॉर्न. थेट बॅटरीवरही तो वाजला नाही, तर फेकण्यापूर्वी पंधरा मिनिटे द्यावीत. शिंगासारखे तोंड असलेल्या हॉर्नमध्ये कुंभारीण माशी मातीचे घर करते, हे पुष्कळांना ठाऊक नसते; उन्हाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत हमखास ते सापडते. हॉर्नचे तोंड वर केलेले असेल तर पावसाचे पाणी साचून पडदा गंजतो, म्हणून ते सदैव खाली झुकलेले असावे. आतील अवस्था समजण्यासाठी २१ वॅटचा बल्ब हॉर्नच्या मालिकेत जोडावा. बल्ब मुळीच पेटला नाही तर आतील वाट तुटलेली आहे, म्हणजे पॉइंट जुळत नाहीत किंवा गुंडाळी तुटली. बल्ब पेटला तर आतील वाट जुळलेली आहे. तरीही थेट बॅटरीवर हॉर्न नुसता ‘टक्’ करत असेल तर पॉइंट चिकटलेले किंवा पडदा जखडलेला आहे.

बहुतेक हॉर्नच्या मागे एक छोटा स्क्रू असतो. तो पॉइंटची जुळणी कमी-जास्त करतो. मूळ स्थितीची खूण रंगाने करून ठेवावी. मग एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक न फिरवता, प्रत्येक वेळी क्षणभर वीज देऊन ऐकावे. पॉइंट जुळत नसतील तेव्हा एका दिशेने फिरवता फिरवता आधी ‘टक्’, मग घरघर आणि मग स्वच्छ सूर येतो. सूर फुटल्यावरही थोडे पुढे-मागे करून पाहावे. धारा फार वाढली तर आवाज मोठा होतो खरा, पण पॉइंट लवकर जळतात. मधला मोठा नट किंवा चिरेचा खुंट मात्र हलवू नये. त्यावर चुंबक आणि ठोकळा यांमधील अंतर ठरलेले असते आणि ते एकदा बिघडले की घरगुती साधनांनी परत जुळत नाही. पडदाच गंजून फाटला असेल, तर नवा हॉर्न आणावा. तेव्हा तो खर्च योग्य ठरतो.

काम झाल्यावर एकदा वाजला म्हणून गाडी सोडू नये. इंजिन बंद आणि चालू अशा दोन्ही स्थितींत, हेडलाइट लावून, चक्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवत बटण दाबावे. बॉनेटखालील तारा हाताने हलवाव्यात. कोठे उंदराने कुरतडलेली किंवा लोखंडी कडेवर घासलेली तार दिसली तर ती लगेच बांधून घ्यावी. हॉर्न मध्येच आपोआप वाजू लागला तर बटणाकडे जाणारी तार कोठेतरी बॉडीला टेकत आहे असे समजावे. शेवटी कामाच्या कार्डावर दोष कोठे होता, तो कोणत्या चाचणीने सापडला आणि भार असताना धन व ऋण बाजूंना किती व्होल्टची घट मोजली, हे तीन तपशील लिहून मालकाला वाचून दाखवावेत. जुना सुटा भाग काढला असेल तर तोही त्याच्या हाती द्यावा.